अव्वाची शिट्टी

आमच्या मुखेडात बाईमाणसानं शिट्टी वाजवायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ठाऊक होतं. उंबऱ्यावर बसायचं नसतं, मोठ्यांसमोर पाय पसरायचे नसतात, त्यातलंच ते. शिट्टी पोलिसाची, पीटीच्या मास्तरांची, नाहीतर पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडं बघणाऱ्या टवाळांची. त्यामुळं माझ्या आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि एक दिवस भर रस्त्यात फुंकली, तेव्हा आमच्या घराचे दोन तुकडे झाले. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. नातीला सांगितलं तर ती हसली. ती लातूरला इंजिनिअरिंग शिकते, हॉस्टेलवर राहते, स्कूटी चालवते. "आज्जी, एका शिट्टीवरून घर फुटलं?" म्हणाली. हाव, फुटलं. आणि फुटलं ते बरंच झालं, असं मी आज साठी उलटल्यावर कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

घर बाजाररस्त्याला लागून होतं. पुढं कापडाचं दुकान, मागं आम्ही. दुकानात दिवसभर कापड फाडल्याचा चर्र आवाज यायचा आणि मागच्या बाजूला भाकरी थापल्याचा. नव्या कापडाच्या खळीचा वास आणि चुलीचा धूर मधल्या बोळात एकमेकांना भेटायचे. मी अभ्यासाला तिथंच बसायची. दुकानाच्या गादीवर मोठे अप्पा बसायचे, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर लोखंडी गज, पांढरं धोतर कधी मळलेलं पाहिलं नाही. माझे वडील, अण्णा, फळ्यांपाशी उभे राहायचे आणि गिऱ्हाइकापुढं तागे उलगडायचे. बसणं मोठ्या अप्पांचं आणि उभं राहणं अण्णांचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मोठ्या अप्पांना मूलबाळ नव्हतं आणि काकू मी चालायला लागायच्या आधीच वारल्या. माझ्यावर त्यांचा फार जीव. बाजारादिवशी माझ्यासाठी गरम शेव घेतल्याशिवाय ते दुकान बंद करायचे नाहीत. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना राक्षस ठरवील, आणि ते राक्षस नव्हते. ते शाळेच्या कमिटीवर होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन सांभाळता सांभाळता त्यांचं आयुष्य गेलं.

अव्वाचं माहेर देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीवर. घरात कानडी, शाळाही कानडी, सातवीपर्यंत. मराठी बोलायला ती लग्नानंतर शिकली आणि मराठी वाचायला माझ्याबरोबर, माझ्याच पाटीवर. रागावली की कानडीत जायची, आणि मोजायची तर कायम कानडीतच. भाकऱ्या दुरडीत टाकताना "ओंदु, एरडु, मूरु" असं पुटपुटायची. दीर म्हणून ती मोठ्या अप्पांशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी राहायची. तेही तिच्याशी थेट बोलत नसत. दोघांच्या मध्ये मी. "लीला, तुझ्या मायला सांग, आमटीला मीठ कमी हाय." अव्वा चार हातांवर उभी असायची, तिला ऐकू गेलेलं असायचं, तरी मी वळून सांगायचं, "अव्वा, मीठ कमी हाय." मग अव्वा म्हणायची, "मोठ्या अप्पांना सांग, येसराचं पीठ जरा जास्त पडलं, म्हणून लागून राहिलं तसं." मी पुन्हा वळायची. चालू-बोलू लागल्यापासून हेच माझं घरातलं काम होतं आणि ते मला मानाचं वाटायचं.

चौथीत असताना आमच्या शाळेत पाठक बाई आल्या. त्यांनी बुलबुलचं पथक काढलं. स्काउट-गाइडमधला हा सगळ्यांत लहान मुलींचा गट, दहा वर्षांच्या आतल्यांचा. आम्ही अठरा जणी, सहा-सहांच्या तीन टोळ्या. निळा फ्रॉक, गळ्यात पिवळा रुमाल, पायात काळे बूट. कापड आमच्या दुकानातून गेलं आणि शिवलं करीमचाचांनी, समोरच्या गल्लीतल्या शिंप्यानं. त्यांची नसरीन माझ्याच टोळीत होती. रोज पाच वाजता शाळेच्या मैदानावर गोल करून उभं राहायचं, वचन म्हणायचं, दोरीच्या गाठी शिकायच्या, कुणाचा हात मोडला तर झोळी कशी बांधायची ते शिकायचं. मला त्याचं असं वेड लागलं की मी घरभर गाठी मारत सुटले. धाकट्या बहिणीच्या झोक्याच्या दोरीला, अण्णांच्या धोतराच्या सोग्याला, गाईच्या दाव्याला.

पाठक बाईंनी आम्हाला डाव्या हातानं हात मिळवायला शिकवलं होतं. बुलबुलची तशीच रीत असते. दुकानात मोठ्या अप्पांचे एक पाहुणे आले, ते नमस्काराचं "शरणार्थ" म्हणाले आणि मी कौतुकानं डावा हात पुढं केला. मोठ्या अप्पांनी गजानं तो हात खाली दाबला. मारलं नाही, नुसता दाबला, आणि म्हणाले, "तुझ्या मायला सांग, पोरीला वळण लाव म्हणून." मी आत येऊन सांगितलं. अव्वानं विचारलं, डावाच हात का. मी बाईंचं वाक्य म्हणून दाखवलं, डावा हात काळजाच्या जवळ असतो म्हणून. अव्वा पिठाच्या हातांकडं बघत बसली. मग म्हणाली, "आन् त्याच हातानं आपण पोरांचं समदं करतो. त्यात घाण काय हाय?" त्या दिवसापासून तिनं माझं बुलबुलचं पातळ पुस्तक चुलीपाशी ठेवून घेतलं. एका ओळीला एक बोट असं वाचायची. पंधरा दिवसांत तिला माझ्यापेक्षा जास्त गाठी यायला लागल्या.

नांदेडला जिल्ह्याचा मेळावा होणार होता. आम्ही त्याची तयारी करत होतो आणि तेवढ्यात पाठक बाईंची नायगावला बदली झाली. हेडमास्तरांनी आम्हाला मैदानावर बसवून सांगितलं की पथक बंद. मुलींच्या पथकाला बाईच लागते, असा नियम आहे, आणि शाळेतल्या उरलेल्या दोन बायांपैकी एकीचे दिवस भरत आलेले, दुसरीनं हात जोडले. मी घरी येऊन जेवले नाही. संध्याकाळी चुलीपुढं अण्णा जेवत होते, मी कोपऱ्यात तोंड फिरवून बसले होते आणि अव्वा भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी पलटली आणि म्हणाली,

"बाई पाहिजे ना नुसती? मी बाईच हाय की."

अण्णांचा घास हातात राहिला. त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. अव्वाला चेष्टा येत नसे.

"तुला जमंल?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक समदं पाठ हाय. पुढलं शिकवतील तर शिकीन."

अण्णा दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं गेले. तेव्हा कळलं की शाळेबाहेरची बाईसुद्धा चालते, फक्त लातूरला सात दिवसांचं शिबिर करावं लागतं. हेडमास्तरांना वाटलं असावं की शेटजींच्या घरची सून काही सात दिवस घर सोडत नाही, म्हणून त्यांनी सहज सांगून टाकलं. अण्णांनी त्याच दुपारी तिचं नाव दिलं. दुकानात पोहोचल्यावर मोठ्या भावाला सांगितलं. मोठ्या अप्पांनी गज कापडावर ठेवला. मग मला हाक मारली. "लीला, तुझ्या मायला सांग, आपल्या घरातल्या सुना शिट्या फुंकत फिरत न्हाईत." मी आत जाऊन सांगितलं. अव्वा पिशवी भरत होती. "मोठ्या अप्पांना सांग, शिट्टी अजून भेटायचीच हाय," म्हणाली. मी बाहेर येऊन अक्षर न अक्षर सांगितलं. अण्णा ताग्यांकडं तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलत होती. ते हसत होते की काय, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

ते सात दिवस अण्णांनी स्वयंपाक केला. धाकटीला शेजारी ठेवली. अण्णांची भाकरी कधी गोल झाली नाही आणि मध्ये कच्ची राहायची. मोठे अप्पा मुकाट्यानं दूध-भाकर कुस्करून खायचे. पुरुषानं चुलीपुढं बसलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते जेवताना भिंतीकडं बघायचे. मला मात्र त्या दिवसांत अण्णा पहिल्यांदा दिसले. उकिडवं बसून, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि फुंकणीनं चूल फुंकताना कुठलंसं पद गुणगुणताहेत.

अव्वा आली ती निळी सुती साडी नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. एसटीतून उतरल्यावर मी तिला क्षणभर ओळखलं नाही. तिच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती ती होतीच, आणि तिच्याशेजारी पांढऱ्या दोरीत चकचकीत शिट्टी. पदर डोक्यावर होता, पण पुढं ओढलेला नव्हता. शिबिरातल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की पथक शाळेचंच असावं लागतं असं नाही, गावातल्या कुणालाही काढता येतं, त्याला खुलं पथक म्हणतात. हे तिनं आम्हाला त्या दिवशी तीनदा सांगितलं.

इथून पुढचं लिहिताना माझा हात अडतो. कारण गाव हसलं ते मला समजतं, पण मीही हसणाऱ्यांच्या बाजूला गेले. मैदानाला कमरेइतकी भिंत होती आणि भिंतीपलीकडं बाजाररस्ता. अव्वानं पहिल्या दिवशी शिट्टी वाजवली आणि भिंतीपलीकडून चार शिट्ट्या परत आल्या. तिनं पुन्हा वाजवली, पुन्हा आल्या, या वेळी दहा-बारा. कवायतीचे आकडे म्हणताना ती गडबडली आणि "ओंदु, एरडु" म्हणून गेली. भिंतीवर हशा पिकला. वर्गात पोरी मला "ओंदु-एरडु" म्हणायला लागल्या. पाठक बाई गोऱ्या, शहरातल्या, शुद्ध बोलणाऱ्या होत्या. माझी आई काळी, बुटात चालताना अवघडणारी, "हाय-न्हाई" बोलणारी. मी तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणाले. चौथ्या दिवशी डोकं. माझा निळा फ्रॉक घडी करून पेटीत खाली सारला.

अव्वा आठवडाभर मला सोडून मैदानावर जात राहिली. मग एका संध्याकाळी मैदानावरून आली, बूट काढत उंबऱ्याबाहेर बसली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुला लाज वाटून राहिली का माझी?"

मी नऊ वर्षांची होते. खोटं बोलायला हवं होतं. "हाव," म्हणाले.

तिनं दुसरा बूट काढला, आतली माती झटकली. "वाटू दे," म्हणाली. "रोज पाचला असती मी तिथं."

भिंतीवरची गर्दी वाढली तशी तक्रार कमिटीकडं गेली. तक्रार टवाळांविरुद्ध नव्हे, अव्वाविरुद्ध. शाळेच्या मैदानावर बाईचा तमाशा चाललाय, म्हणे. कमिटी बसली, ठराव झाला, मैदान मिळणार नाही. मोठे अप्पा त्या बैठकीला होते. त्यांनी ठरावाला विरोध केला नाही एवढं खरं. मांडला कुणी, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता अव्वा गेली तर फाटकाला कुलूप. बाजाराचा दिवस होता. सतरा पोरी निळ्या फ्रॉकात कुलपापुढं उभ्या. हे मला नसरीननं नंतर सांगितलं. अव्वानं कुलूप हातात घेऊन पाहिलं, सोडलं आणि म्हणाली, "चला. गावात जागा लई हाय."

मी दुकानाच्या पायरीवर बसले होते, शेवेचा पुडा मांडीवर. गर्दी ऐन भरात होती. बैलगाड्या, शेरडं, मिरच्यांचे ढीग, हलगी वाजवत फिरणारा औषधवाला. त्या सगळ्यातून दोन-दोनच्या रांगेत निळे फ्रॉक येताना दिसले आणि पुढं अव्वा. मला वाटलं घरी येतेय. ती दुकानासमोर थांबली, बरोबर गादीच्या समोर, रस्त्याच्या मध्यात, आणि तिनं शिट्टी वाजवली. लांब एक, आखूड दोन. म्हणजे गोल करा.

पोरींनी गोल केला. बैलगाडी थांबली, तिच्यामागची थांबली. हलगीवाल्याचा हात थांबला. गिऱ्हाइकं कापड सोडून उभी राहिली. गोलात एक जागा मोकळी होती. नसरीनच्या आणि दुसऱ्या एका पोरीच्या मध्ये, माझ्याएवढी. त्या दोघींनी ती भरून काढली नव्हती. कुणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे.

मोठे अप्पा गादीवर ताठ झाले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लीला," ते हळू म्हणाले, "तुझ्या मायला सांग, घरात जा म्हणावं."

अव्वा आठ-दहा हातांवर होती. तिनं ऐकलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, पोरींकडं बघत होती. सगळा बाजार मात्र माझ्याकडं बघत होता, कारण निरोप माझ्या हातात होता. मी उठून उभी राहिले. आणि जे म्हणाले ते ठरवून म्हणाले नाही.

"तुम्हीच सांगा, मोठे अप्पा. ती समोर हाय की."

मोठ्या अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांना ओळखूच येत नाही. मग पहिल्यांदा, माझ्या जन्मात पहिल्यांदा, अव्वा त्यांच्याकडं वळली. पदर डोक्यावरून सारखा केला, पुढं ओढला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "मैदानाला कुलूप घातलं तुमच्या कमिटीनं. मला राग न्हाई. पण पोरींना पाचची वेळ दिल्याली हाय. माझा शब्द हाय त्यो. अर्धा घंटा लागंल. मग रस्ता मोकळा करून देते."

मोठ्या अप्पांनी मांडीवरचा गज घट्ट धरला. बोलायचं कसं, हेच त्यांना माहीत नसावं. बावीस माणसांची कमिटी चालवणारा माणूस, पण भावजयीशी समोरासमोर एक वाक्य बोलायची त्यांना सवय नव्हती.

मी पुडा पायरीवर ठेवला आणि गोलातल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. अंगात घरचा, बाहीला फाटलेला परकर-पोलका. नसरीननं माझा हात धरला. अव्वानं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं.

"लीला, गणवेश?"

"पेटीत हाय."

"जा. घालून ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अख्खा बाजार थांबलाय, बैल मान हलवताहेत, आणि हिला गणवेश पाहिजे. पण तिचा चेहरा तवा तापलाय का बघताना असायचा तसाच होता. मी दुकानात शिरले, गादीपुढून पळत गेले, बोळातून मागं, पेटी उपसली. फ्रॉकाच्या घड्या पडल्या होत्या. रुमालाची गाठ घाईत दोनदा चुकली. बूट सापडेनात, धाकटीनं त्यात बाहुली निजवली होती. परत येताना अण्णा दिसले. ते फळ्यांपाशी नव्हते. रस्त्यात उतरले होते, दोन्ही हात पसरून गाड्यांच्या पुढं उभे होते, बिनटोपीचे, उन्हात. त्यांना मी दुकान सोडून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "थांबा जरा मामा," ते गाडीवानाला सांगत होते, "माझ्या बायकोचं काम चालू हाय."

मी जागेवर उभी राहिले. अव्वानं मान हलवली आणि आम्ही वचन म्हटलं. मग कवायत. या वेळी तिनं लपवलं नाही. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु," असं मोठ्यानं मोजलं आणि आम्ही अठरा जणींनी तिच्यामागून तेच मोजलं. कुठून तरी एक शिट्टी आली. करीमचाचा आपल्या दुकानाच्या ओट्यावरून म्हणाले, "कौन है बे? सामने आ के बजा." पुन्हा आली नाही. अर्ध्या तासानं अव्वानं रस्ता मोकळा केला, गाडीवानांना हात जोडले आणि आम्हाला घरी सोडलं.

दोन दिवसांनी चूल वेगळी झाली. मोठ्या अप्पांनी अण्णांना सांगितलं, दुकान माझं, घर माझं, मागच्या दोन खोल्या घ्या आणि बोळात भिंत घाला. मी जिथं अभ्यासाला बसायची, तिथं ती भिंत आली. अण्णा दारोदार सायकलवर कापड विकायला लागले. आमची खाण्याची चैन संपली; कित्येक दिवस उडदाचं घुटं आणि भाकर, तेच दोन्ही वेळा. भिंतीपलीकडून कापड फाडल्याचा आवाज यायचा आणि अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मी अव्वाला विचारलं, तुला वाईट वाटत नाही का. "वाटतं ना," ती म्हणाली. "वाईट वाटतं म्हणून चुकलं असं व्हत न्हाई." मोठ्या अप्पांसाठी ती सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करून माझ्या हाती पाठवायची. ते डबा ठेवून घ्यायचे, धुऊन परत द्यायचे. निरोप मात्र कधी दिला नाही, आणि मी कधी मागितला नाही.

पथकातल्या पाच पोरींना घरच्यांनी काढून घेतलं. तेरा उरलो. कमिटीनं शाळेचं नाव वापरायचं नाही असं लेखी कळवलं. आम्ही बाजाराच्या मोकळ्या पटांगणात जमू लागलो. बाजार सोडून इतर दिवशी तिथं कुत्रीच असायची. नसरीनची आई, हमीदाचाची, रोज बुरख्यात येऊन एका दगडावर बसायची, मांडीवर काजं-बटणाचं काम आणि पायाशी एक जाड काठी. ती काठी कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. हळूहळू आणखी दोघींच्या आया येऊन बसायला लागल्या. कुणी शेंगा सोलायची, कुणी वाती वळायची. अव्वा त्यांनाही झोळी बांधायला शिकवायची. आज गावोगावी बायांच्या बैठका होतात, सतरंज्या, बॅनर, फोटो असतात. आमची बैठक दगडांवर होती आणि तिचं नाव कुणी ठेवलं नव्हतं.

मेळाव्याला आम्ही गेलो. पहाटेची एसटी, खिडकीला डोकं लावून ओकणाऱ्या पोरी, धपाट्यांच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या वासानं भरलेली गाडी. अण्णा धपाट्यांची दुरडी मांडीवर घेऊन बसले होते, हमीदाचाची काठीसकट. नांदेडचं मैदान पाहून आम्ही हबकलो. एवढी पोरं-पोरी मी एका जागी पाहिली नव्हती. प्रत्येक पथकापुढं शाळेच्या नावाचा फलक, कुणाकुणाचा बँड. आमच्याकडं फलक नव्हता. संचलनासाठी रांगा लागल्या. टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते, त्यांच्यापुढं यादी आणि शेजारी भोंग्याचा माइक. त्यांनी अव्वाचे कागद उलटसुलट केले.

"शाळेचं नाव कुठंय यावर?"

"शाळा न्हाई. खुलं पथक हाय."

"बरं. पण नाव तर असेल काही? माइकवर काय पुकारू? कुणाचं पथक आहे हे?"

नावाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मागच्या रांगेतले मास्तर पुढं सरकायची घाई करत होते. गृहस्थांनी पेनानं टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, नाव नसेल तर बाजूला व्हा. पुढच्या वर्षी या."

अव्वानं वळून आमच्याकडं पाहिलं. तेरा जणी, घड्या पडलेले फ्रॉक, नसरीनच्या हनुवटीवर धपाट्याचं तेल. मग ती टेबलाकडं वळली.

"लिवा," म्हणाली. "मुखेडच्या पोरी."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी खांदे उडवले, लिहिलं, आणि माइक तोंडाशी घेतला. भोंगे मैदानाच्या चारी कोपऱ्यांत होते, त्यामुळं नाव चार वेळा ऐकू आलं, एकामागून एक, लांब जात. अव्वा पुढं निघाली. ती मागं वळून बघत नव्हती. आम्ही तिच्यामागून निघालो.